प्राणी निवाऱ्यासाठी घेतलेली उंदीर नियंत्रण सेवा : वर्षभराच्या अनुभवानंतरचे परीक्षण

जखमी, टाकून दिलेल्या आणि सांभाळता येत नाहीत म्हणून मालकांनी आणून सोडलेल्या प्राण्यांचा एक निवारा मी गेली काही वर्षे चालवते. कुत्री आणि मांजरे सर्वांत जास्त. त्यांच्या जोडीला ससे, हॅमस्टर, गिनीपिग, मागच्या आवारात काही डुकरे आणि दोन म्हातारे घोडे असा हा संसार आहे. या जागेसाठी एका उंदीर नियंत्रण कंपनीशी आम्ही वर्षभराचा करार केला होता, तो नुकताच संपला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकट्या तिच्या असतील असे मला वाटत नाही. घरे, गोदामे आणि कार्यालये डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली सेवा जशीच्या तशी प्राण्यांच्या जागेत आणली की जे व्हायचे, तेच येथे झाले. ज्या गोष्टी चांगल्या झाल्या त्या मात्र खरोखरच चांगल्या झाल्या, आणि पहिला मान त्यांचा आहे.

करार करण्याची वेळ कशी आली ते थोडक्यात सांगते. एका सकाळी हॅमस्टरच्या पिंजऱ्याच्या जाळीदार झाकणावर जिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. पिंजरा वरच्या फळीवर होता आणि झाकणाच्या बरोबर खाली खाद्याची वाटी होती. रात्री एखादा घरउंदीर झाकणावर बसून वाटीतला दाणा ओढून घेत असणार आणि जाताना जे सोडायचे ते त्याच वाटीत सोडून जात असणार, हे समजायला गुप्तहेर लागत नव्हता. कुरतडलेली पोती, पोखरलेल्या भिंती आणि तुटलेल्या वायरी यांचे नुकसान आम्ही आजवर निमूटपणे सोसत आलो होतो. ही लेंडी मात्र नुकसानीच्या खात्यात टाकून विसरण्यासारखी नव्हती.

घरउंदीर हा लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस, म्हणजे एलसीएम, या विषाणूचा नैसर्गिक आश्रयदाता आहे. हा विषाणू १९३३ साली सापडला आणि त्याची उंदरातली रीत मोठी विलक्षण आहे. मादीच्या पोटात असतानाच ज्या पिलाला संसर्ग होतो, त्याचे शरीर त्या विषाणूला परका मानतच नाही. पिलू आजारी पडत नाही, वाढते, विते आणि जन्मभर मूत्र, लाळ व विष्ठेतून विषाणू सोडत राहते, शिवाय पुढच्या पिढीलाही तो देते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या घरउंदरांपैकी सुमारे ५ टक्के उंदीर हा विषाणू बाळगून असतात. पाळीव हॅमस्टरला तो मुळात अशा रानटी घरउंदराकडूनच मिळतो, दुकानात, पैदास केंद्रात किंवा घरात. २००५ साली अमेरिकेत एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या चार रुग्णांना या विषाणूची लागण झाली आणि त्यांतले तिघे दगावले, तेव्हा माग काढत काढत तपास दात्याच्या घरी नुकत्याच आणलेल्या हॅमस्टरपर्यंत आणि तेथून त्या हॅमस्टरच्या घाऊक पुरवठादारापर्यंत पोहोचला होता. उंदराकडून हॅमस्टरकडे आणि हॅमस्टरकडून माणसाकडे असा हा रस्ता आहे, आणि त्या सकाळी त्या रस्त्याचा पहिला टप्पा माझ्या डोळ्यांसमोर झाकणावर पडलेला होता.

म्हणून सेवेकडून माझी अपेक्षा पहिल्या दिवसापासून एकच होती, आणि परीक्षणही मी त्याच कसोटीवर करणार आहे: उंदराचे मूत, त्याची लेंडी आणि त्याचे मेलेले शरीर आमच्या प्राण्यांच्या तोंडापर्यंत पोहोचण्याचे थांबले का? किती उंदीर मेले हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. कंपनीच्या लेखी तोच मुख्य होता, आणि वर्षभर आमच्यात जी काही ओढाताण झाली तिचे मूळ या एका फरकात आहे.

पहिली भेट, म्हणजे पाहणी, अप्रतिम झाली. आलेले दोन तंत्रज्ञ दिवसाऐवजी संध्याकाळी आले, दिवे मालवायला सांगितले आणि जांभळ्या किरणांचा दिवा घेऊन खाद्यखोलीत शिरले. वाळलेले मूत त्या प्रकाशात निळसर पांढरे चमकते. दाराखालच्या फटीपासून भिंतीच्या कडेकडेने, पोत्यांच्या मागून, थेट खाद्याच्या पिंपाच्या काठापर्यंत बारीक ठिपक्यांची एक रेघ उजळली. "मॅडम, उंदीर एका जागी बसून मुतत नाही, चालता चालता थेंब टाकत जातो, हा त्याचा रोजचा रस्ता," असे त्यातल्या वयस्क तंत्रज्ञाने सांगितले आणि लगेच पुढे हेही सांगितले की काही साबण आणि वंगणेसुद्धा अशीच चमकतात, म्हणून केवळ चमक पाहून निष्कर्ष काढायचा नसतो. त्याने मग भिंतीच्या कडेला अंगाच्या तेलकटपणाने उमटलेला काळपट पट्टा दाखवला, ताज्या मऊ लेंड्या आणि जुन्या भुरभुरीत लेंड्या वेगळ्या करून दाखवल्या. ज्या पिंपाला आम्ही सुरक्षित समजत होतो त्याच्या काठावर सर्वांत दाट ठिपके होते, कारण झाकण घट्ट बसत नसल्याने उंदीर काठावर चढून आत डोकावत असे. इतकी वर्षे त्याच पिंपातून आम्ही हाताने खाद्य काढत होतो. हा अर्धा तास एवढ्यासाठीच सेवा घेतली असती तरी मला ती महाग वाटली नसती.

रस्ते बंद करण्याचे कामही तितकेच नेटके झाले. घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे ज्या भोकात पेन्सिल जाते त्यातून तो येऊ शकतो. मोठ्या उंदराला १२ मिलिमीटरच्या आसपास लागते. तंत्रज्ञांनी पेन्सिल हातात घेऊनच सारी इमारत पालथी घातली. दारांच्या खाली धातूच्या पट्ट्या आल्या, नळ आणि वायरी भिंतीत शिरतात तेथे स्टीलच्या काथ्याचे बोळे आणि सिमेंट आले, मोऱ्यांना आणि झरोक्यांना ६ मिलिमीटरची जाळी आली. फोमने फटी बुजवू नका, तो उंदीर एका रात्रीत कुरतडतो, हे त्यांनी आपणहून सांगितले. लहान प्राण्यांचे पिंजरे भिंतीपासून दूर, गुळगुळीत पायांच्या मांडणीवर घेतले. खाद्य घट्ट झाकणाच्या धातूच्या पिंपांत गेले आणि ती पिंपे जमिनीपासून उंच, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवली, म्हणजे मागची बाजू झाडता आणि पाहता यावी. घोड्यांचे गवत ही एकच गोष्ट कोणालाच नीट सोडवता आली नाही. गवताच्या गंजीला झाकण घालता येत नाही आणि उंदराला तिच्याइतके सुखाचे घर दुसरे नसते. शेवटी गंजी लहान करून वरचेवर हलवत राहायची, एवढ्यावर आम्ही समाधान मानले.

आता कंपनीच्या माहितीपुस्तिकेविषयी. रंगीत, गुळगुळीत कागदावर छापलेल्या या पुस्तिकेत "उंदरांपासून प्राण्यांना होणारे विषाणूजन्य आजार" असे एक पान आहे आणि त्या पानावर पहिले नाव लेप्टोस्पायरोसिसचे, दुसरे साल्मोनेलाचे आणि तिसरे रेबीजचे आहे. पहिले दोन्ही जिवाणूंचे आजार आहेत. रेबीज विषाणूचा खरा, पण लहान कृंतकांमध्ये, म्हणजे उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये, तो जवळजवळ आढळतच नाही आणि उंदराच्या चाव्यातून त्याचा प्रसार होणे ही कोणी गृहीत धरावी अशी गोष्ट नाही. भीती घालायला ही नावे सोपी आहेत, ओळखीची आहेत, म्हणून छापली असावीत. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून कुत्र्यांना होतो आणि तो गंभीर असतो, यात वाद नाही. पण त्यावर प्रतिजैविक चालते आणि कुत्र्यांसाठी लस आहे, विषाणूंच्या बाबतीत हिशोब वेगळा पडतो. चुकीच्या नावाच्या पाटीखाली आजार ठेवला की बंदोबस्तही चुकीचा होतो, दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला.

त्या पानावर जे असायला हवे होते आणि नव्हते, ते एन्सेफॅलोमायोकार्डायटिस किंवा ईएमसी या विषाणूचे नाव. ज्याच्याकडे डुकरे आहेत त्याने उंदराचा विचार करताना पहिला विचार याचा करावा. पिंजऱ्यातल्या एका वानरात हा विषाणू १९४५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडला. उंदरांच्या अंगात तो फारसा त्रास न देता राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो; डुकराने दूषित खाद्य किंवा पाणी घेतले, किंवा मेलेला उंदीर खाल्ला, की तो थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. दूध पिणारी पिले सकाळी खेळत असतात आणि दुपारी मेलेली सापडतात. शवविच्छेदनात हृदयावर पांढुरके डाग दिसतात. मोठ्या माद्यांमध्ये गर्भपात होतात, मेलेली किंवा सुकलेली पिले जन्मतात. डुकराकडून डुकराकडे तो त्या मानाने कमी पसरतो, म्हणजे रोग थांबवण्याची किल्ली बहुतेक वेळा उंदराच्याच बिळात असते.

आणि हा केवळ डुकरांचा प्रश्न नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात डिसेंबर १९९३ पासून सुमारे वर्षभरात ६४ मोकळे रानहत्ती या विषाणूने मेले आणि त्यांतले बहुसंख्य भरदार प्रौढ नर होते. त्याच सुमारास तेथे उंदरांची संख्या अफाट वाढली होती आणि त्या उंदरांमध्ये या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाणही वाढलेले आढळले. मुठीत मावणाऱ्या प्राण्याच्या लेंडीने हत्ती पडावा, ही गोष्ट मी आमच्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. खाद्याचे झाकण उघडे राहण्याचे प्रमाण त्यानंतर काही आठवडे तरी कमी होते.

याच पार्श्वभूमीवर कंपनीची सर्वांत मोठी चूक समजून घ्यावी लागेल. पाहणी झाल्यानंतरच्या आठवड्यात, आम्हाला नीट न विचारता, आवाराच्या कडेने आणि डुकरांच्या वाड्यामागे विषारी आमिषाच्या पेट्या लावण्यात आल्या. पेट्या बंद होत्या, कुलूपबंद होत्या, कुत्र्यांना आमिषापर्यंत पोहोचता येणार नाही अशा होत्या. नियमाप्रमाणे सारे ठीक होते. पण ही विषे रक्त गोठू न देणारी असतात आणि त्यांनी उंदीर जागच्या जागी मरत नाही, काही दिवस फिरतो, सुस्तावतो आणि मग कोठेही उघड्यावर मरतो. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी वाड्यात गेले तर एक डुकरीण काही तरी चघळत होती आणि तिच्या तोंडातून शेपटी लोंबत होती. ती शेपटी मी अजून विसरलेले नाही. विषाचा प्रश्न तर होताच, आणि त्यासाठी पशुवैद्यांनी या विषावरचा उतारा असलेल्या के १ जीवनसत्त्वाची तयारी ठेवली. पण त्याहून मोठी चिंता ही होती की ज्या मार्गाने ईएमसी डुकरापर्यंत जातो तोच मार्ग आम्ही पैसे मोजून आखून दिला होता. चपळ उंदीर डुकराच्या हाती सहसा लागत नाही. विषाने गुंगलेला लागतो, मेलेला तर हमखास लागतो. निरोगी उंदीर नुसती लेंडी टाकून गेला असता, येथे तो सबंध ताटात वाढला गेला.

डुकरिणीला काही झाले नाही. कंपनीने तक्रार ऐकून घेतली, दुसऱ्याच दिवशी आमिषे उचलली आणि आत सर्वत्र चापाचे सापळे लावून दिले, हेही नोंदवले पाहिजे. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून, बोगद्यासारख्या पेट्यांत बसवले, म्हणजे कोणा मांजराचा पंजा अडकू नये. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस चाप न ओढता नुसते ठेवायचे आणि त्यावर खाद्य द्यायचे, ही युक्ती त्यांची. ती उत्तम चालली. घरउंदीर उलट चौकस असतो, तो पहिल्याच रात्री येऊन हजेरी लावतो.

चिकट पट्ट्यांवरून मात्र वाद झाला. कंपनीला त्या स्वस्त आणि सोयीच्या वाटतात. त्यांतली क्रूरता बाजूला ठेवली तरी, पट्टीवर जिवंत अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि भेदरून सतत मुततो व हगतो. म्हणजे ज्या पदार्थांपासून आम्हाला प्राणी वाचवायचे आहेत तेच पदार्थ तेथे भरपूर तयार होतात. जिवंत पकडणाऱ्या पिंजऱ्याचेही काहीसे असेच आहे. अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्रही या दोन्हींऐवजी चाप वापरण्याचा सल्ला देते. हे मी तंत्रज्ञांना समजावले तेव्हा त्यांतला तरुण तंत्रज्ञ म्हणाला की हा विचार प्रशिक्षणात कोणी सांगितलाच नव्हता. तो खोटे बोलत नसावा.

स्वच्छतेचा भाग करारात होता आणि तो करारातला सर्वांत कच्चा भाग निघाला. खाद्यखोलीतल्या जुन्या लेंड्या काढायला आलेल्या कामगाराने कोरडा झाडू काढला आणि आम्ही त्याला दारातच थांबवले. हांटा गटातल्या विषाणूंचा प्रसार नेमका अशा उडणाऱ्या धुळीतून होतो. १९९३ साली अमेरिकेत हरणउंदरांपासून आलेल्या सिन नोम्ब्रे विषाणूने हे सगळ्या जगाला शिकवले आहे. हा विषाणूगट उंदरांमध्ये आपापसांतल्या चाव्यांतून फिरत राहतो. कुत्र्यामांजरांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली असली तरी हे प्राणी त्याने आजारी पडतात असे दिसत नाही, तेव्हा येथे काळजी प्राण्यांपेक्षा झाडणाऱ्याची आहे. योग्य रीत अशी की आधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण लेंड्यांवर शिंपडून ते पाच मिनिटे मुरू द्यायचे आणि मग ओल्या कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्यायचे. झाडू नाही, हवेने ओढणारे यंत्रही नाही.

कंपनी जे सुगंधी जंतुनाशक वापरत होती त्याविषयीही लिहायला हवे, कारण यात बहुतेकांची फसगत होते. एलसीएम आणि हांटा या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते. साध्या साबणाने ते फाटते आणि विषाणू निकामी होतो. ईएमसीला असे आवरण नसते. कुत्र्यांच्या पार्व्होलाही नसते, आणि पार्व्हो तर उंदराला आजारी न करताही त्याच्या पायांवरून एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात जाऊ शकतो. असे उघडे विषाणू साबणाला आणि मद्यार्काला फारशी दाद देत नाहीत, त्यांना ब्लीचसारखे तीव्र रसायनच लागते, आणि तेही जागा आधी धुऊन, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीशीच झुंजून संपते. कंपनीच्या बाटलीवर "सर्व विषाणूंवर प्रभावी" असे लिहिले होते. मागे बारीक अक्षरांत ज्या विषाणूंवर चाचणी झाली त्यांची नावे होती आणि ती सर्व आवरण असलेल्यांची होती. ती बाटली आम्ही फरशीला सुवास यावा म्हणून वापरून संपवली.

दर महिन्याचा अहवाल वेळेवर येत असे. त्यात आलेख होता, पकडलेल्या उंदरांची संख्या होती, सापळ्यांचे क्रमांक होते. तिसऱ्या महिन्याच्या संख्येत चार चिचुंद्र्या उंदीर म्हणून मोजल्या होत्या. चिचुंद्री कीटक खाणारी, वेगळ्या गणातली; तिचे लांबट नाक पाहिले तरी कळते. कोणाला हा शब्दच्छल वाटेल, पण कोणता प्राणी आहे यावर कोणता विषाणू असू शकतो हे ठरते. एलसीएम घरउंदराचा, हांटा गटातला सोल विषाणू तपकिरी उंदराचा, तर काऊपॉक्स युरोपातल्या व्होल (उंदरासारखा, आखूड शेपटीचा कृंतक) आणि रानउंदरांचा. अहवालात नुसते "उंदीर" लिहिले की त्यातून पशुवैद्याच्या उपयोगाचे काहीच उरत नाही. आमच्या सांगण्यावरून चौथ्या महिन्यापासून प्रजातीचा रकाना आला, छायाचित्रेही येऊ लागली, आणि तेव्हा लक्षात आले की इमारतीच्या आत घरउंदीर आणि डुकरांच्या वाड्याकडे तपकिरी उंदीर अशी वाटणी आहे. दोन्हीकडचे सापळे, आमिष आणि धोका वेगळा आहे, हे मग कंपनीनेही मान्य केले.

काऊपॉक्सचे नाव निघालेच आहे तर कंपनीने दिलेल्या एका सल्ल्याचा समाचार घेते. "तुमच्याकडे इतकी मांजरे आहेत, दोन-चार मोकळी सोडा," असे पर्यवेक्षकांनी दोनदा सुचवले. निवाऱ्यातले मांजर हे काम करणारे हत्यार नाही, आणि शिकारीत रोग मांजराच्याच अंगावर येतो. काऊपॉक्स नावाने गाईचा असला तरी गाईत तो क्वचितच आढळतो. तो मुळात व्होल आणि रानउंदरांचा आहे आणि युरोपात त्याची नेहमीची शिकार म्हणजे उंदीर पकडणारे मांजर. चाव्याच्या जागी, बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर, एक फोड येतो आणि काही दिवसांनी अंगभर खपल्या धरतात. अशा मांजराला त्वचेची ॲलर्जी समजून स्टेरॉइड दिले तर प्रकरण हाताबाहेर जाते. २००७ साली जर्मनीत हा विषाणू उंदराकडून सर्कशीतल्या हत्तिणीला आणि तिच्याकडून माणसाला झाला होता. उंदीर खाणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला काय येऊ शकते याचे आणखी एक उदाहरण प्राणिसंग्रहालयांतले आहे: १९८०च्या दशकात अमेरिकेत मार्मोसेट आणि टॅमरिन ही छोटी माकडे यकृताच्या एका घातक आजाराने मरत होती, आणि पुढे उलगडा झाला तो असा की पौष्टिक खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या नवजात उंदरांमध्ये एलसीएम विषाणू होता. पर्यवेक्षकांनी दुसऱ्यांदा सुचवले तेव्हा मी ही हकीकत त्यांना सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी सुचवले नाही.

सेवेची आणखी एक मर्यादा मला वर्षाच्या उत्तरार्धात जाणवली. कंपनीच्या दृष्टीने उंदीर म्हणजे बाहेरून येणारा शत्रू. पिंजऱ्यातले हॅमस्टर, गिनीपिग, पाळीव उंदीर तिच्या कक्षेत येतच नाहीत. पण विषाणूला पाळीव आणि रानटी हा भेद माहीत नाही. २००३ च्या एप्रिल महिन्यात घानातून अमेरिकेत पाळीव प्राणी म्हणून विकण्यासाठी काही रानटी कृंतक आणले गेले, त्यांच्याजवळ प्रेअरी डॉग हे अमेरिकेतलेच, खारीच्या कुळातले प्राणी ठेवले गेले, आणि त्या शेजारातून मंकीपॉक्स प्रेअरी डॉगना व त्यांच्यामार्फत ४७ माणसांना झाला. त्या प्रकरणात बीळ नव्हते, फट नव्हती, फक्त एकाशेजारी एक ठेवलेले पिंजरे होते. आम्ही नवे येणारे सर्व लहान कृंतक आता वेगळ्या खोलीत ठेवतो, त्यांच्यासाठी वेगळे भांडे, वेगळा झाडू आणि शक्यतो वेगळा माणूस असतो. ही कल्पना कंपनीची नव्हती. असायला हवी होती असे मी म्हणणार नाही, पण जी कंपनी स्वतःला "प्राण्यांच्या आरोग्याची राखणदार" म्हणवते तिने निदान विचारावे तरी.

गोचिडी आणि डासांसाठी कंपनीची निराळी योजना आहे, ती आम्ही घेतली नाही, पण तिच्यामागचा तर्क पूर्णपणे टाकाऊ नाही. काही विषाणू उंदरातून थेट न जाता तिसऱ्याच्या खांद्यावर बसून जातात. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वरात एकाच उंदराच्या कानावर शेजारी शेजारी रक्त पिणाऱ्या गोचिडींमध्ये विषाणूची देवघेव होते, उंदराच्या रक्तात तो फारसा नसला तरीही. मग तीच गोचीड मोठी होऊन कुत्र्याला चावते. व्हेनेझुएलन अश्वमेंदूज्वराचे विषाणू एरवी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या रानांत कृंतक आणि डास यांच्यात फिरत असतात आणि त्यांतून उपजलेल्या जहाल प्रकारांनी घोड्यांत साथी येतात. विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीला यातले काही सांगता आले असते तर कदाचित आम्ही ती योजना घेतलीही असती; त्याने फक्त सवलतीची मुदत सांगितली.

भेटींची नियमितता चांगली होती. बारा महिन्यांत एकच भेट चुकली आणि तीही पूर्वसूचना देऊन. तातडीच्या फोनला प्रतिसाद मिळे, माणसे प्राण्यांशी हळुवार वागत, कुत्र्यांना बिचकवत नसत. दर तीन महिन्यांनी तंत्रज्ञ बदलत, हे मात्र त्रासाचे होते, कारण प्रत्येक नव्या माणसाला डुकरांच्या वाड्यामागे विष का लावायचे नाही हे पहिल्यापासून सांगावे लागे. एकदा मी नसताना एकाने पुन्हा आमिषाची पेटी ठेवलीच होती. आमच्या स्वयंसेवकाने ती उचलून त्यांच्याच गाडीत परत ठेवली.

करार पुढच्या वर्षासाठी आम्ही नवा केला आहे, त्याच कंपनीशी. जांभळ्या दिव्याची पाहणी दर तीन महिन्यांनी मागितली आहे, कारण खाद्यखोलीत ती ठिपक्यांची रेघ पुन्हा उमटली की नाही हे दुसऱ्या कशानेही इतके स्पष्ट कळत नाही. वर्षअखेरीच्या पाहणीत पिंपांचे काठ काळोखेच राहिले आणि फक्त गवताच्या गंजीकडे थोडी चमक दिसली. आवारात कोठेही विष लावायचे नाही, चिकट पट्टी आणायची नाही, कोरडा झाडू चालवायचा नाही, ही तीन कलमे लेखी घातली. अहवालात एक नवा रकानाही आमच्या आग्रहाने आला आहे: सापळ्याबाहेर सापडलेले मेलेले उंदीर, जागा आणि वेळ यांसह. कंपनीच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारले की हा रकाना कशासाठी, सापळ्याबाहेर मेलेला उंदीर तर आमच्या कामात धरलाच जात नाही. मी त्यांना म्हटले की आमच्या कामात तोच पहिला धरला जातो. त्या उंदराला कशाने मारले हे जोवर कळत नाही, तोवर डुकरांचे खाद्य आम्ही बदलून टाकतो आणि वाडा धुऊन काढतो. त्यांनी रकाना घातला. पहिल्या महिन्याच्या अहवालात त्यात शून्य लिहून आले आहे, आणि ते शून्य खरे आहे की भरायचे म्हणून भरलेले आहे हे पाहायला मी स्वतः रोज सकाळी वाड्याला एक फेरी मारते.